सव्वा रुपया हाली आणि सूपभर कोंडा

नागपंचमीचा दुसरा दिवस. रक्कम सव्वा रुपया, हाली शिक्क्याची. वर सूपभर कोंडा. हजर माणसं पाच. गोविंद मास्तर, त्यांची बायको यमुनाबाई, गावचे विश्वनाथराव पाटील, पाटलीणबाई आणि सुईण सखूबाई. विकली गेली ती बारा दिवसांची मुलगी.

मी तिथं नव्हतो. हा व्यवहार मला सहा वर्षांनी कळला, आणि तोही मी दवाखान्यात मास्तरांवर ओरडत असताना.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. माझ्या हातात मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं पत्र होतं. मुलीसाठी बेड राखून ठेवला आहे, पुढच्या सोमवारी तिला घेऊन यावं, ऑपरेशनला संमती देणारं माणूस सोबत असावं. असा बेड मिळायला लोक महिनेन् महिने थांबत. मास्तर समोरच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. माणूस नीटनेटका. धोतर स्वच्छ, बोलणं स्वच्छ.

"कधी निघताय?" मी विचारलं.

"तेच सांगायला आलो, डॉक्टरसाहेब. निर्णय माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"पाटलांच्या."

"पाटलांचा काय संबंध?" मी ओरडलो.

"मुलगी त्यांची आहे."

आतल्या खोलीत आमचे कंपाउंडर हुसेनभाई खलात पावडर घोटत होते. तो आवाज थांबला. मास्तरांनाही तो थांबलेला ऐकू आला असावा, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "तसं नव्हे, तसं नव्हे. मुलगी आमचीच. पण दिलेली आहे. विकलेली."

आणि मग त्यांनी वर लिहिलेला तपशील सांगितला, रकमेसकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरी पुढचं मूल झालं की ते दुसऱ्या बाईला विकून टाकायचं, असा रिवाज आमच्या भागात होता. विकत घेणारी बाई अशी पाहायची, की जिचं एकही मूल गेलेलं नाही. मूल मागच्या दारानं सुपातून बाहेर काढतात, मोबदल्यात कोंडा आणि थोडे पैसे घेतात. म्हणून मुलाचं नाव कोंडिबा, मुलीचं कोंडाबाई. मूल वाढतं जन्मदात्या आईजवळच, पण आईनं त्याला आपलं म्हणायचं नाही. मुलगा असेल तर जावळापर्यंत, मुलगी असेल तर लग्नापर्यंत. यमुनाबाईंची आधीची चार गेली होती. पाटलीणबाईंची सातही जिवंत होती. म्हणून कोंडी पाटलीणबाईंना विकली. दर नागपंचमीला पाटलीणबाई तिच्या पोटगीची पायलीभर ज्वारी आणि एक परकर मास्तरांच्या घरी पाठवत. कोंडी पाटलीणबाईंना आई म्हणे. सख्ख्या आईला काकू म्हणे.

वर्षभर ती बाई या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात येत होती, आणि "काकू" ऐकून मी तिला मास्तरांची भावजय समजत होतो. जे काही समजावलं ते मी मास्तरांना समजावलं. मास्तरांनी एकदाही माझी चूक दुरुस्त केली नाही.

या रिवाजाला मी हसत नाही. चार मुलं पुरलेल्या बाईला हसायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि तो इतक्या वर्षांनी लिहितानाही कमी झालेला नाही.

आता आजार सांगतो. बाळ आईच्या पोटात असताना त्याची फुफ्फुसं बंद असतात. तिथं रक्त पाठवायचं काम नसतं. म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक लहानशी नळी निसर्गानंच ठेवलेली असते. बाळ जन्मून रडलं की तिचं काम संपतं आणि ती आपोआप बुजते. कोंडीची बुजली नव्हती. त्यामुळं शरीराला जायचं रक्त परत फुफ्फुसांत घुसे. हृदय दुप्पट कष्ट करी आणि शरीर उपाशी राही. सहा वर्षांच्या मुलीचं वजन सव्वीस पौंड. चार पावलं पळाली की बसायची. दर हिवाळ्याला न्यूमोनिया. नाडीवर बोट ठेवलं तर ती बोटाला धक्के मारायची. गळ्याच्या डाव्या हाडाखाली स्टेथोस्कोप लावून ऐकलं की गिरणीचा पट्टा फिरावा तसा आवाज, अखंड, मध्ये थांबणं नाही. एकदा ऐकला की डॉक्टर तो विसरत नाही.

अशा आजाराला तोपर्यंत औषध नव्हतं, आणि आजही गोळी नाही. पण त्या काळात मुंबईत नुकतंच ऑपरेशन सुरू झालं होतं. बरगड्यांमधून आत जायचं आणि ती नळी दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधून टाकायची. खुद्द हृदयाला हात लावायचा नाही. हे मी मुद्दाम सांगतो. हृदयाला हात लावायचा नाही. आत कधी कधी नळी फाटते, रक्त आवरत नाही, मूल टेबलावरच जातं. किती वेळा, त्याचा आकडा मला एका सर्जननं तोंडी सांगितला होता, लेखी नाही, म्हणून इथं देत नाही. न केलं तर काय, हे मात्र कुठल्याही डॉक्टरला ठाऊक होतं. थोडी वर्षं, मग हृदय थकतं किंवा त्यात जंतू बसतात.

हे सगळं मी मास्तरांना दोनदा सांगितलं होतं, कागदावर आकृती काढून. ते मुलीला सोलापूरला एक्स-रेसाठी घेऊन गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझं निदान बरोबर ठरवलं, मुंबईला लिहिलं आणि बेडचं पत्र आलं. तोपर्यंत पाटलांचं नाव निघालं नव्हतं. तपासायला नेताना मुलगी मास्तरांची होती. संमती द्यायची वेळ आली तेव्हा ती पाटलांची झाली.

"पाटलांना विचारलंत?"

"विचारलं. त्यांचं मन नाही."

त्याच दिवशी दुपारी सायकल घेऊन मी पाटलांच्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. इथली माणसांची नावंही बदललेली आहेत. पाटील गोठ्यात बैलाच्या खुराला औषध लावत होते.

"या, या डाक्टर. आज इकडं कुठं? ह्यो बैल बगा जरा, मानसाचा डाक्टर बैलाला चालतोय."

"पाटील, कोंडीच्या ऑपरेशनला तुम्ही नको म्हणालात?"

"म्या? म्या कशाला नगं म्हनंन? मास्तर आले, म्हनले, मुंबईला पोरीचं काळीज भाईर काढत्यात, धुत्यात आन परत बसवत्यात, तुमाला काय वाटतंय? म्या म्हनलं, असं कुठं असतंय व्हय?"

"म्हणजे नको म्हणालात."

"असं कुठं असतंय, म्हनलं. नगं न्हाय म्हनलं."

मी तिथंच गोठ्याच्या मातीत काडीनं दोन रेघा ओढल्या. हे दोन पाट, म्हटलं. एकाचं पाणी मळ्याला, एकाचं दुसरीकडं. मधला बांध फुटलाय. मळ्याचं पाणी तिकडं चाललंय. बांध बुजवायचा आहे. विहिरीला हात लावायचा नाही.

पाटील रेघांकडं बघत राहिले. "येवढंच?"

"एवढंच. पण धोका आहे. बुजवताना बांध ढासळू शकतो. पोर जाऊ शकते."

"आन न्हाय बुजवला तर?"

"मळा वाळणार. आज नाही, पण वाळणार."

"मंग बुजवा की! ह्यात इचारायचं काय?"

"तर मग तुम्ही हो म्हणा. मुंबईला चला, सही करा."

इथं पाटलांचा आवाज खाली आला. "आता ते कसं? मास्तर शिकल्यालं मानूस. आन पोर म्या न्हाय घेतली, बायकूनं घेतली. तिला इचारा."

पाटलीणबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या.

"पोर माजी, हे खरं. पन पोटात वागवली तिनं. मी व्हय म्हनलं आन काई झालं, तर यमुनाला तोंड कसं दावू? ती म्हनंल, माजी असती तर म्या न्हाय धाडली असती."

"मग यमुनाबाईंना विचारा."

"तिनं कसं बोलावं? ती बोलली की पोर तिची झाली. मंग इकल्याचा उपेग काय?"

सायकलवर परत येताना मी हिशेब मांडला. मास्तर म्हणतात पाटील. पाटील म्हणतात बायको. बायको म्हणते आई. आईनं बोलायचं नाही. म्हणजे या मुलीला नकार कुणीही दिलेला नव्हता, आणि होकार देणारं माणूस जगात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावलं.

"काळीज बाहेर काढून धुतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सामान्य माणसाला समजावं म्हणून जरा सोपं करून..."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

आणि त्या माणसानं मला माझंच बोलणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. नळी कुठून कुठं जाते, दोरा किती ठिकाणी बांधतात, हृदयाला हात लावायचा नाही, सगळं. शाळेत पाढे म्हणावेत तसं. त्याला सगळं समजलेलं होतं. न समजलेल्या माणसावर मी रागावत नाही, तो माझा धंदाच आहे. पण सगळं समजून पाटलांसमोर असा प्रश्न ठेवायचा, की त्याला नकारच यावा, आणि तो नकार खिशात घालून माझ्याकडं यायचं! मी त्यांना दवाखान्यातून जायला सांगितलं. त्याआधी काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

ते गेल्यावर हुसेनभाई म्हणाले, "साहेब, मास्तरला टायफॉईड झाला असता तर बरं होतं. त्याच्यावर गोळी तरी हाय."

सोमवार आला आणि गेला. बेड दुसऱ्या मुलाला मिळाला असणार. मिळायलाच हवा. मी मुंबईला दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि पुन्हा नंबर लावायची विनंती केली. कारण काय लिहावं, ते कळेना. शेवटी लिहिलं, घरगुती अडचण.

दसऱ्याच्या आधी कोंडीला पुन्हा न्यूमोनिया झाला. या वेळी मास्तर आले नाहीत. यमुनाबाई एकट्याच आल्या, कुणाच्या तरी बैलगाडीतून. पोरीचे ओठ निळसर झाले होते. पेनिसिलिन सुरू केलं आणि त्यांना दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कोंडी उठून बसली आणि हुसेनभाईंच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडू लागली.

"काकू, ह्या सगळ्या माझ्या," ती म्हणाली.

"बरं," यमुनाबाई म्हणाल्या.

त्या दिवशीच्या टपालानं मुंबईचं दुसरं पत्र आलं होतं. दिवाळीनंतर बेड मिळेल. मी ते टेबलावर ठेवलं होतं आणि रागानं त्याच्याकडं बघत होतो, कारण ते पुन्हा कुणाला द्यायचं हाच प्रश्न होता. यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याशी सरळ बोलण्याची ती पहिली वेळ.

"डॉक्टर, पाटलीणबाईंच्या पोरीचं विचारायचं होतं."

"विचारा. पण उत्तर ऐकून पुन्हा पाटलांकडं बोट दाखवायचं असेल तर विचारू नका."

त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. "कापताना ती जागी असती का?"

"नाही. औषधानं झोपवतात."

"उठल्यावर जवळ कोण असतं?"

"नर्स असते. मग घरच्या माणसाला भेटू देतात."

"आणि नाही केलं, तर परकर बदलायचा होईल का?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. पाटलीणबाई दर वर्षी परकर पाठवतात तो मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि दर वर्षी तो दुमडून शिवावा लागतो. दोन वर्षांपूर्वीचा अजून अंगाला होतो.

"नाही केलं तर ती वाढणार नाही," मी म्हटलं. "आणि फार वर्षं राहणारही नाही. केलं तर तिथंच दगावू शकते. दोन्ही खरं आहे. मी तुमच्या जागी असतो तर नेली असती."

वर्षभरात हे पाच वाक्यांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी मागच्या खोलीकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "परत घ्यायची म्हटलं तर?"

"काय लागतं त्याला?"

"ज्या भावात दिली त्या भावात. आणि ज्यांच्यासमोर दिली त्यांच्यासमोर."

"मग घ्या!"

"लग्नापर्यंतचा शब्द आहे."

"शब्द कुणाला दिलाय?"

"पाटलीणबाईंना."

"तर त्यांच्याशी बोला. मी बोलावतो सगळ्यांना. इथं, याच खोलीत, एकाच वेळी."

बाजारचा दिवस धरला, म्हणजे कुणाला यायला निमित्त शोधावं लागू नये. पाटील, पाटलीणबाई आणि म्हातारी सखूबाई गाडीतून आले. मास्तरांना मी निरोप पाठवला, की आला नाहीत तर शाळेत येऊन बोलेन, मुलांसमोर. ते आले.

मी सगळ्यांसमोर आजार पुन्हा एकदा सांगितला, पहिल्यापासून. दोन्ही धोके सांगितले. मग म्हटलं, आता कुणी हो म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण या दारातून बाहेर जाण्याआधी.

मास्तर खाकरले. "माझं एवढंच म्हणणं आहे, की लग्नापर्यंतचा शब्द आहे. तो मोडला आणि मुलीला काही झालं, तर दोष कुणाला?"

पाटलीणबाई पहिल्यांदाच पदराआडून सरळ मास्तरांकडं बघून बोलल्या. "मास्तर, लग्नाला पोर लागती."

सखूबाईनं मान हलवली. "दिली तवा सूप मीच धरलं व्हतं. आता बी धरीन."

मास्तर तरी थांबेनात. "ठीक. पण ज्या नाण्यात दिली त्याच नाण्यात परत घ्यायला हवी. हाली शिक्का बंद होऊन वर्षं झाली. आता कुठून आणणार?"

हाली म्हणजे निजामाचा रुपया. पोलिस ॲक्शननंतरही काही वर्षं तो आमच्याकडं चालत होता, मग बंद झाला. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव असे. कलदार म्हणजे बाकीच्या देशात चालणारा रुपया. मी पेन्सिल घेऊन तिथंच गणित केलं. सव्वा रुपया हालीचे कलदार एक रुपया सात नये पैसे होतात, म्हटलं, चिल्लर माझ्या खिशात आहे. मास्तर म्हणाले, "भावाचा प्रश्न नाही डॉक्टरसाहेब, नाण्याचा आहे." आपल्या मुलीच्या जिवाबद्दल त्यांना एवढं काटेकोर झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो. पाटलांनी माझा हात धरला. तो धरला नसता तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

यमुनाबाईंनी तेवढ्यात कमरेची गाठ सोडली. आत चिंधी होती. चिंधीत एक हाली रुपया आणि एक हाली पावली होती.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "खर्च केले नाहीत. खर्च केले असते तर खरंच विकल्यासारखं झालं असतं."

सहा वर्षं ते पैसे त्यांच्या कमरेला होते. मास्तरांना माहीत नव्हतं. एका घरात राहून.

कोंडा हवा होता. हुसेनभाई गिरणीवर गेले आणि सूपभर घेऊन आले. "गिरणीवाला इचारत होता, कशाला पायजे," ते म्हणाले. "म्हटलं, साहेबांच्या घोड्याला. आता घोडा घ्या एक." सखूबाईनं कोंडा पाटलीणबाईंच्या पदरात ओतला आणि रिकामं सूप मागच्या दाराबाहेर जमिनीवर ठेवलं. सहा वर्षांची मुलगी त्यात कशी बसणार, असं मला वाटलं होतं. ती बसली. गुडघे पोटाशी घेऊन, मजेत. तिला तो खेळ वाटला.

"काकू, मी जड आहे का?"

यमुनाबाईंनी आणि सखूबाईनं सूप दोन्ही बाजूंनी उचललं आणि दवाखान्याच्या मागच्या दारातून आत घेतलं. यमुनाबाईंनी रुपया आणि पावली पाटलीणबाईंच्या हातावर ठेवली. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"परत मी घेतली. विचारायचं ते आता मला विचारा."

"ऑपरेशनला तुमची संमती आहे?"

"आहे."

पाच माणसांसमोर एक शब्द. त्याला अडीच महिने आणि एक बेड लागला होता.

मुंबईला मास्तर गेले नाहीत. रजा नाही म्हणाले. दिवाळीची सुट्टी अजून संपली नव्हती आणि शाळेला कुलूप होतं. यमुनाबाईंच्या सोबत पाटलीणबाई गेल्या. लोहाऱ्याहून सोलापूर एस.टी.नं आणि पुढं रेल्वेनं. दोघीही सोलापूरच्या पलीकडं कधी गेलेल्या नव्हत्या. मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की संमती आई देईल. तरी तिथल्या टेबलावरच्या माणसानं विचारलंच, वडील कुठं आहेत. मग दोघींकडं बघून विचारलं, यात मुलीची आई कोण? पाटलीणबाईंनी यमुनाबाईंकडं बोट केलं आणि सरळ सांगितलं, "ही. माजी व्हती, म्या हिला इकली." तो माणूस ताडकन उठला आणि मोठ्या सिस्टरला घेऊन आला. सिस्टर आमच्याच बाजूच्या निघाल्या. त्यांनी फक्त मुलीचं नाव विचारलं. कोंडाबाई म्हटल्यावर त्यांनी त्या माणसाला खाली बसवलं आणि यमुनाबाईंचा अंगठा घेतला. हे मला पाटलीणबाईंनी नंतर सांगितलं, आणि सांगताना हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नळी बांधली गेली. मध्ये एक दिवस ताप चढला, मग उतरला. ती परत आल्यावर मी गळ्याच्या डाव्या हाडाखाली स्टेथोस्कोप लावला. गिरणी बंद होती. फक्त हृदयाचे दोन साधे ठोके. मी हुसेनभाईंना बोलावलं आणि त्यांच्याही कानात स्टेथोस्कोप दिला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पीठ संपलं वाटतं." पुढच्या नागपंचमीला पाटलीणबाईंनी पाठवलेला परकर दुमडावा लागला नाही. विकत घेण्याचा संबंध संपला होता, तरी त्यांनी पाठवला.

मास्तरांनी पेढे वाटले. दवाखान्यातही घेऊन आले. बाहेर बसलेल्या पेशंटना ते सांगत होते, "कठीण निर्णय होता. पण शेवटी बापाचं काळीज." मी पेढा घेतला नाही. ते म्हणाले, "गोड नाही का चालत डॉक्टरसाहेब?" मी म्हटलं, "चालतं. दुसऱ्या कुणी दिलं तर." त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. गावात आजही लोक सांगतात, की मास्तरांनी त्या काळात मुलीला मुंबईला पाठवण्याचं धाडस केलं. माझ्यासमोर कुणी सांगितलं तर मी दुरुस्ती करतो. प्रत्येक वेळी.

कोंडी आता दोन मुलांची आई आहे. पाठीवर डाव्या बाजूला बरगडीच्या रेषेत तिला व्रण आहे. यमुनाबाईंना ती अजून काकूच म्हणते. सवय.

यातून मी एक गोष्ट शिकलो आणि पुढं नोकरीभर पाळली. मोठ्या ऑपरेशनचा प्रश्न आला की घरातल्या एका माणसाला सांगून दुसऱ्याला कळव म्हणायचं नाही. ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना एका खोलीत बसवायचं आणि सगळ्यांसमोर एकदाच सांगायचं. आणि मूल ज्या बाईच्या मांडीवर बसलं आहे, तिला आधी विचारायचं, ती कोण आहे.

हॉस्पिटलनं काही घेतलं नाही, बेड मोफत होता. प्रवासखर्च पाटलांनी केला आणि परत घेतला नाही. मास्तरांचा खर्च पेढ्यांचा. मुलीची किंमत म्हणून यमुनाबाईंनी पाटलीणबाईंना दिले सव्वा रुपया हाली, रोख, आणि सूपभर कोंडा. त्या दिवशी सरकारी खजिन्यात त्या नाण्यांची किंमत शून्य होती.